विषय : सौ.च्या पोटऱ्या

मी आयुष्यात नको तिथे एकदाच हसलो. त्याची खूण माझ्या उजव्या नडगीवर अजून आहे.

झालं असं, की एका संध्याकाळी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. घड्या घालता घालताच तिने सांगितलं, की पावणेदोन महिन्यांनी शहरात दहा किलोमीटरची शर्यत आहे आणि तिने त्यात नाव दिलं आहे. तिला नुकतंच पन्नासावं लागलं होतं. मी वर्तमानपत्रातून डोकं बाहेर न काढता विचारलं, "तू धावणार? कशाच्या मागे?" आणि स्वतःच्याच विनोदावर मनमुराद हसलो. पेपर खाली घेतला तेव्हा समोर घड्या होत्या, बायको नव्हती. पुढचे दोन दिवस आमच्यात "दार लावा" आणि "नळ बंद करा" एवढंच बोलणं झालं. तिसऱ्या दिवशी पहाटे ती नवे बूट घालून निघाली आणि मग रोजच जाऊ लागली.

दुसऱ्या आठवड्यात मला एक गोष्ट दिसली. जिना उतरताना ती कठडा धरत होती. वरच्या पायऱ्या ऐटीत उतरायची, पण शेवटच्या तीन पायऱ्यांना हात हळूच कठड्यावर जायचा. मी विचारलं तर म्हणाली, "काही नाही हो, पोटऱ्या धरल्यात." ज्या माणसाने आधी हसून घेतलंय त्याच्यापाशी दुखणं कोण सांगणार? हिला काही झालं, ही त्या शर्यतीत मध्येच कुठे बसली, तर त्या हसण्याचं काय करायचं? ते तर परत घेता येत नाही.

म्हणून मी तिच्याबरोबर फिजिओथेरपिस्टकडे गेलो. ही एक तरुण, चटपटीत मुलगी होती. तिने पोटऱ्या दाबून पाहिल्या आणि म्हणाली, "घाबरू नका काका, स्नायू ताठलेत. व्यायाम देते. आणि घरी एक मसाज गन घेऊन ठेवा. हातात धरायचं यंत्र असतं, पुढचं डोकं भराभर आत-बाहेर होतं आणि स्नायूला ठोके देतं. तीन गोष्टी लक्षात ठेवा. डोकं दहा-बारा मिलिमीटर तरी आत-बाहेर व्हायला हवं. थोडं दाबल्यावर बंद पडता कामा नये. आणि हाडावर लावायचं नाही, फक्त मांसावर."

"यंत्राचं माझ्यावर सोपव," मी बायकोला म्हणालो.

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "शर्यतीच्या आधी येईल?"

हा प्रश्न मला लागला. पण तो तिने का विचारला हे सांगायचं तर मला खुर्च्यांबद्दल सांगावं लागेल, आणि तो विषय मी शक्यतो काढत नाही.

मी एका मोठ्या कार्यालयाच्या खरेदी विभागात सत्तावीस वर्षं आहे. टाचणीपासून जनरेटरपर्यंत सगळं माझ्या हातून गेलं आहे. नऊ वर्षांपूर्वी मी सभागृहासाठी चाळीस खुर्च्या घेतल्या. नमुन्याची खुर्ची उत्तम होती. हे मी तेव्हाही लिहून दिलं होतं आणि आजही लिहून देईन. नंतर आलेल्या चाळीसही खुर्च्यांचा एकेक पाय मात्र किंचित आखूड निघाला. उद्घाटनाच्या सभेत सगळं सभागृह डुगडुगत होतं. तेव्हापासून कार्यालयात माझ्या पाठीमागे मला 'डुगडुगे' म्हणतात. ते इतकं रुळलंय, की एकदा एका पुरवठादाराचं पत्रच 'श्री. डुगडुगे यांस' म्हणून आलं, आणि आवक लिपिकाने ते बिनचूक माझ्या टेबलावर ठेवलं. बायको त्या सभेत पाहुणी म्हणून दुसऱ्या रांगेत बसली होती. ती सौम्यपणे डुगडुगत होती हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

तेव्हा कानाला खडा लावला. तीन दरपत्रकं घेतल्याशिवाय, नमुना स्वतः तपासल्याशिवाय आणि तुलनात्मक तक्ता केल्याशिवाय काही म्हणजे काही घ्यायचं नाही. घरातला झाडूसुद्धा मी तीन दुकानं फिरून आणतो.

"येईल म्हणजे काय! पाच आठवडे आहेत," मी म्हणालो.

घरी येताना ती म्हणाली, "यंत्राचं राहू द्या हो. आलं तर आलं. तुम्ही त्या दिवशी शेवटच्या रेषेशी उभे असा, एवढंच पुरे. आणि हसायचं नाही."

"हसणार नाही," मी म्हणालो. त्या क्षणी माफी मागायला हवी होती. पण ती तोंडाशी येऊन परत गेली. माझ्या बऱ्याच गोष्टींचं असं होतं. कागदावर मी धीट आहे.

त्या रात्री जेवण झाल्यावर मी कपाटातून एक कोरी फाइल काढली आणि वर सुवाच्य अक्षरात लिहिलं : विषय – सौ.च्या पोटऱ्या. पहिल्या पानावर फिजिओने सांगितलेले तांत्रिक निकष, दुसऱ्यावर वेळापत्रक. आणि यंत्र येईपर्यंत काही तरी करायला हवं म्हणून टिपणी घातली : 'यंत्र प्राप्त होईपर्यंत तात्पुरती व्यवस्था म्हणून निम्नस्वाक्षरीकाराचे अंगठे वापरात आणावेत.' निम्नस्वाक्षरीकार म्हणजे मी. रोज संध्याकाळी वीस मिनिटं ती पलंगावर पालथी पडून सरावाचं वेळापत्रक वाचायची आणि मी अंगठ्यांनी पोटऱ्या दाबायचो. बरं वाटतंय की नाही ते ती सांगायची नाही. फक्त "जरा डावीकडे" एवढंच. अंगठ्यांचे असे हाल व्हायचे, की दुसऱ्या दिवशी कार्यालयात पेन धरताना कळ यायची. पण तात्पुरती व्यवस्था म्हटलं की ती अशीच असते, असं म्हणून मी दाबत राहिलो.

आता नमुने.

पहिलं दुकान खेळाच्या सामानाचं होतं. मोठी काच, आत लख्ख दिवे, आणि काचेला लागूनच ग्राहकांसाठी एक गोल स्टूल. विक्रेत्याने यंत्र हातात दिलं आणि पँट वर करा म्हणाला. मी गुडघ्यापर्यंत वर केली. यंत्र सुरू झालं. मी नियमाप्रमाणे दाबलं. यंत्र बंद पडलं.

"साहेब, तुम्ही जास्त दाबताय," विक्रेता म्हणाला.

"मग काय फुंकर घालू?"

त्याने दुसरा वेग लावून दिला. मी पुन्हा दाबलं. यंत्राने घरघर केली, माझी सगळी पोटरी थरथरली, आणि मी समाधानाने वर पाहिलं तर काचेपलीकडच्या फुटपाथवर आमचे साहेब उभे होते. बरोबर त्यांची पत्नी होती. मी एका हाताने यंत्र धरलेलं, एका हाताने पँट धरलेली. अशा वेळी वरिष्ठांना नमस्कार कसा करावा याचं परिपत्रक निघालेलं नाही. मी यंत्रानेच नमस्कार केला. साहेबांनी मान डोलावली, पत्नीच्या कानात काही सांगितलं, आणि दोघं जरा घाईनेच पुढे गेली. सोमवारी साहेबांनी मला बोलावून विचारलं, "घरी सगळं ठीक ना?" मी हो म्हणालो. त्यांचा विश्वास बसला नाही.

दुसऱ्या दुकानातलं यंत्र निकषांत चोख बसलं. बारा मिलिमीटर, दाबलं तरी चालू, आवाज बेताचा. पण दुकानात होता तो फक्त नमुना. "मागवून देतो साहेब. घरपोच येईल, पाच दिवसांत. आजच ऑर्डर टाकू?"

इथे कुठलाही सुज्ञ माणूस हो म्हणाला असता. पण नमुना चांगला आहे म्हटल्याबरोबर माझं धाबं दणाणलं. नमुना तर तेव्हाही चांगला होता! शिवाय तिसरं दरपत्रक यायचं होतं. मी म्हणालो, "कळवतो."

तिसऱ्या दरपत्रकासाठी मी नऊ दिवस थांबलो. त्या नऊ दिवसांत आमच्या इमारतीत विषय फुटला. तळमजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापकांनी, ज्यांना सगळे गुरुजी म्हणतात, मला जिन्यात अडवून सांगितलं, की हे सगळं थोतांड आहे आणि पोटऱ्यांना कोमट पाण्याशिवाय काही लागत नाही. नाभिकाने माझी मान हातात असताना सांगितलं, की यंत्राला माणसाचा हात कळत नाही. त्याच्या दुसऱ्या हातात वस्तरा असल्याने मी सहमत झालो. औषधाच्या दुकानदाराने मलमाच्या सात नळ्या समोर मांडल्या आणि मी त्यांतल्या दोन, केवळ भिडेखातर, घेतल्या. प्रत्येकाचं म्हणणं मी फाइलला लावलं. फाइल जाड होत चालली. शर्यत जवळ येत चालली. फिजिओने विचारलं, "आणलं का काका?" मी म्हणालो, "प्रक्रियेत आहे." तिने आणि बायकोने एकमेकींकडे पाहिलं. ते पाहणं मला बिलकूल आवडलं नाही.

शेवटी तिसरा नमुना घेऊन आला माझा मेहुणा. बायकोच्या या धाकट्या भावाला जगातलं सगळं कळतं, आणि जे कळत नाही ते तो जास्त जोरात सांगतो. त्याने त्याच्या व्यायामशाळेतून एक यंत्र उसनं आणलं होतं. ते पाहूनच मला घाम फुटला. इतर दोन यंत्रं केस वाळवायच्या यंत्राएवढी होती. याला मूठ दोन हातांची होती.

"भावोजी, पहिलवान वापरतात हे. पाय पुढे करा."

"आधी निकष तपासू."

"निकष कसले! पायालाच कळेल ना. करा पुढे."

त्याने सगळ्यात टोकदार डोकं बसवलं, सगळ्यात वरचा वेग लावला आणि बोलता बोलता, म्हणजे मला गप्प करता करता, ते थेट माझ्या नडगीवर टेकवलं. हाडावर लावायचं नाही हा निकष क्रमांक तीन माझ्या फाइलमध्ये अधोरेखित होता. तो मी मेहुण्याला सांगायला तोंड उघडलं, पण तोंडातून जे निघालं त्याला निकष म्हणता आलं नसतं.

तेवढ्यात दार वाजलं. गुरुजी. "वर भिंत पाडताय का? माझ्या कपाटातले पेले नाचतायत!" मेहुण्याने त्यांना खुर्चीत बसवलं, डोकं बदललं आणि "गुरुजी, अनुभव घ्या" म्हणून यंत्र त्यांच्या खांद्यावर ठेवलं. गुरुजींनी भाषण थांबवलं नाही. "हे स-स-सगळं थो-थो-थोतांड आ-आ-" इथवर आले आणि त्यांची वरची कवळी चहाच्या कपात जाऊन पडली. बायको तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात गेली. गुरुजींनी कवळी काढली, धुऊन घेतली, आणि जाताना हळूच विचारलं, "हे कुठे मिळतं म्हणालात?"

मी मात्र लंगडू लागलो. नडगीवर वांग्याच्या रंगाचा गोळा आला. आता घरात दोन आजारी होते आणि यंत्र एकही नव्हतं.

त्या संध्याकाळी तुलनात्मक तक्ता पुरा केला. यंत्र क्रमांक एक : दाबल्यास बंद पडते. यंत्र क्रमांक तीन : दाबल्यास माणूस बंद पडतो. सबब, यंत्र क्रमांक दोन. शर्यतीला अकरा दिवस उरले होते. दुकानदाराने ऑर्डर टाकली, आणि मी पार्सलवर मुद्दाम बायकोचं नाव घालायला सांगितलं. तिच्या नावाने आलेला खोका तिनेच फोडावा अशी माझी इच्छा होती. आयुष्यात पहिल्यांदा मला काही तरी सुचलं होतं, आणि तेच अंगाशी आलं.

पाच दिवस झाले, सात झाले. पार्सल कुठे आहे ते फोनवर दिसायचं. ते आधी आमच्या शहराकडे निघालं, मग आमच्या शहराला टाळून पुढे गेलं, मग परत फिरलं. मी कार्यालयात दर अर्ध्या तासाला फोन काढून बघत होतो. मधल्या एका दिवशी मी रजा काढून, दार सताड उघडं टाकून, दारासमोर खुर्ची मांडून बसलो. दुपारी फोनवर निरोप आला : 'प्राप्तकर्ता घरी नाही.' मी उठून स्वतःला एकदा आरशात पाहून आलो. कुरियरला फोन लावला. तक्रारीसाठी दोन दाबा म्हणाले, दोन दाबलं. पुन्हा दोन दाबा म्हणाले, पुन्हा दाबलं. अर्ध्या तासाने एका बाईंनी मृदू आवाजात सांगितलं, की माझी तक्रार त्यांच्यासाठी महत्त्वाची आहे. हे वाक्य मी स्वतः पुरवठादारांना पत्रात लिहितो. त्याचा अर्थ काय असतो ते मला चांगलं ठाऊक आहे.

शनिवारी दुपारी निरोप आला : पार्सल गोदामातून घेऊन जावे, रविवारी सकाळी सातनंतर. शर्यत रविवारीच होती, सकाळी साडेसहाला. बायको आठच्या सुमारास पोचेल असा तिचा हिशेब होता. गोदाम शेवटच्या रेषेपासून पंधरा मिनिटांवर होतं. मी कागदावर मांडणी केली : सात वाजता गोदाम, सव्वासातला खोका हातात, पावणेआठला रेषेशी उभा. यात लंगडण्याची दहा मिनिटं धरूनही वेळ उरत होता.

रविवारी पहाटे तिला सुरुवातीच्या जागी सोडलं. तिच्या छातीवर क्रमांक लावलेला कागद होता आणि ती इतकी घाबरली होती, की माझी फाइल कशाला बरोबर आहे हेही तिने विचारलं नाही. "असाल ना?" एवढंच म्हणाली.

"आधीच उभा असेन," मी म्हणालो.

गोदामात माझ्या आधी अकरा जण होते. माझा नंबर आला तेव्हा सात पंचवीस झाले होते. खिडकीतला लिपिक तरुण होता, शर्टाच्या खिशात तीन पेनं, समोर रजिस्टर. त्याला पाहून मला माझे जुने दिवस आठवले. मी ओळखपत्र दिलं. त्याने पाहिलं.

"पार्सल बाईंच्या नावावर आहे."

"माझी पत्नी."

"मग त्यांचं अधिकारपत्र लागेल, सहीसकट. नाहीतर त्या स्वतः येऊ द्या."

"ती येऊ शकत नाही. ती धावतेय."

"कुठे?"

"शर्यतीत."

"मग धावून झाल्यावर येऊ द्या की," तो म्हणाला. यात उद्धटपणा काही नव्हता. त्याचं सगळं बरोबर होतं. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हणालो असतो, आणि म्हणालोही आहे, शेकडो लोकांना. खोका मला दिसत होता. लिपिकाच्या मागच्या फळीवर, खालून दुसरा, वर बायकोचं नाव.

माझा चेहरा पाहून त्याला दया आली. "बसा काका. आठला आमचे साहेब येतील. त्यांच्याशी चर्चा करा, ते देतील बहुतेक." त्याने टोकन दिलं आणि भिंतीजवळच्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

मी बसलो. खुर्ची डुगडुगली.

एकदा पुढे, एकदा मागे. मला ती चाल ओळखीची वाटली. मी टोकनाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. सात पस्तीस. पाच आठवडे खपून निवडलेलं यंत्र दहा पावलांवर होतं, आणि फक्त पंचवीस मिनिटं बसून राहिलं की प्रकरण निकाली निघणार होतं. आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, की यंत्र तिने मागितलंच नव्हतं. तिने मागितलं होतं ते एवढंच, की मी एका ठिकाणी उभं असावं. मी मात्र भलत्याच ठिकाणी बसलो होतो, आणि तेही डुगडुगत. मला स्वतःची लाज वाटली.

मी उठून टोकन खिडकीत ठेवलं.

"काका, प्रकरण प्रलंबित राहील हं," लिपिक म्हणाला.

"राहू द्या," मी म्हणालो. सत्तावीस वर्षांत हे दोन शब्द मी पहिल्यांदा उच्चारले असतील.

बाहेर येऊन पाहतो तर रस्ते बंद. शर्यतीसाठी दोन्ही बाजूंनी दोर बांधलेले. शेवटच्या रेषेकडे जायचं कुठून, असं मी एका स्वयंसेवक मुलीला विचारलं. तिने माझ्या लंगड्या पायाकडे पाहिलं, माझ्या घामाकडे पाहिलं, आणि "काका, तुम्ही बाहेर कसे आलात? या, या, आत या" म्हणून दोर वर उचलला. समजावून सांगायला वेळ नव्हता. मी वाकून आत शिरलो.

आणि लोक टाळ्या वाजवू लागले.

"चला काका, थोडंच राहिलं!" "पाय दुखतोय तरी सोडलं नाही बघा!" कुणी तरी हातात पाण्याचा पेला दिला. मी नाही म्हणालो तर त्यांनी जास्तच टाळ्या वाजवल्या. ध्वनिक्षेपकावरून एक माणूस ओरडला, "आणि हे आपले ज्येष्ठ स्पर्धक, फाइल घेऊन धावतायत! वा!" मी चोपन्न वर्षांचा आहे. ज्येष्ठ म्हणजे काय? पण थांबून खुलासा करणं शक्य नव्हतं. काखेत फाइल, तोंडावर घाम, आणि मी खरोखरच धावू लागलो होतो. म्हणजे डावा पाय धावत होता, उजवा मागून येत होता. वळणावर गर्दीत आमचे साहेब सहकुटुंब उभे. मला पाहून ते इतके भारावले, की भानच राहिलं नाही. दोन्ही हात वर करून ओरडले, "शाब्बास, डुगडुगे!" लगेच त्यांनी जीभ चावली. पण मागच्या पाच-सहा जणांनी ते उचललं होतं, आणि पुढचा सगळा रस्ता लोक "डुगडुगे, डुगडुगे" म्हणून टाळ्यांचा ठेका धरत होते. माझं तोंड लाल झालं होतं आणि छाती फुटायला आली होती. घड्याळात आठला तीन मिनिटं कमी होती आणि रेषा अजून दिसतही नव्हती.

तेवढ्यात मागून बुटांचा एकसारखा आवाज आला आणि कानाजवळ कुणी म्हणालं, "अहो?"

बायको. लालबुंद, घामाने निथळलेली, पण पाय व्यवस्थित पडत होते. तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. फाइल पाहिली.

"तुम्ही धावताय? कशाच्या मागे?"

मी धापा टाकत म्हणालो, "तुझ्याच. चुकून पुढे निघून आलो."

ती धावता धावता हसली. इतकी हसली, की मला वाटलं आता हिची लय तुटणार.

"हसायचं नाही ठरलं होतं," मी म्हणालो.

"ते तुमच्यासाठी होतं." मग तिने माझा पाय पाहिला आणि तिची चाल मंदावली. मी ओरडलोच, "थांबायचं नाही! तू पुढे हो!" ती एक क्षण माझ्याकडे पाहत राहिली आणि मग सुटली. वळणापाशी तिची पाठ दिसेनाशी झाली. तिच्या पोटऱ्या, मी सांगतो, घड्याळासारख्या चालल्या होत्या.

शेवटच्या रेषेशी एकाने उभं राहायचं ठरलं होतं, आणि तसं एक जण उभं होतं. गळ्यात पदक घालून ती उभी होती आणि मी लंगडत येत होतो. रेषा ओलांडल्यावर एका मुलाने माझ्याही गळ्यात पदक घालायला हात वर केले. मी ते निग्रहाने नाकारलं. निकषांत बसत नव्हतं.

"यंत्र आणू शकलो नाही," मी म्हणालो. "आणि इथेही नव्हतो. दोन्ही राहिलं."

ती काही तरी बोलणार होती, पण तेवढ्यात तिच्या उजव्या पोटरीत गोळा आला आणि ती फुटपाथवर मटकन बसली. मी समोर बसकण मारली, तिचा पाय मांडीवर घेतला आणि अंगठे कामाला लावले. आजूबाजूला शेकडो माणसं होती. मला कुणाचंच काही वाटलं नाही.

वारा घ्यायला म्हणून तिने माझी फाइल उचलली. दोनदा हलवली आणि मग वरचा विषय वाचला. "सौ.च्या पोटऱ्या? हे काय आहे?" तिने उघडली. मी ती ओढून घेणार होतो, पण हात कामात होते.

ती सुरुवातीपासून वाचू लागली. दरपत्रकं, निकष, गुरुजींचं कोमट पाणी. आणि त्यामागे मी रोज लावलेली टिपणं. 'दि. ४ : जिना उतरताना कठडा धरला. खालच्या तीन पायऱ्या.' 'दि. ९ : कठडा धरला नाही, परंतु भिंतीला हात होता. आपण पाहत नाही असे दाखवले.' 'दि. १३ : आठ किलोमीटर झाले. घरी आल्यावर गुणगुणत होती. कारण विचारले नाही.' पाच आठवड्यांचा एकही दिवस सुटला नव्हता. तिचं वाचन हळू होत गेलं. शेवटी ती पहिल्या पानाकडे परतली आणि तिथला तळाचा शेरा तिने मोठ्याने वाचला. "'या प्रकरणाच्या प्रारंभी निम्नस्वाक्षरीकाराकडून हसणे घडले. सदर हसणे सर्वस्वी अनुचित होते. सौ.ची माफी मागण्याची बाब विचाराधीन आहे.'"

"पाच आठवडे विचाराधीन?" तिने विचारलं.

"मंजुरी मिळत नव्हती," मी खाली बघत म्हणालो. "माझं चुकलं गं. हसायला नको होतं."

तिने नाक ओढलं. मग हात पुढे केला. "पेन द्या."

मी खिशातून दिलं. तिने फाइल गुडघ्यावर ठेवली, जिथे मी 'यंत्र क्रमांक दोन खरेदीस मान्यता असावी' असं लिहून सहीची जागा रिकामी सोडली होती तिथे, स्वच्छ अक्षरात दोन ओळी लिहिल्या आणि फाइल माझ्यासमोर धरली.

'यंत्र सोमवारी दोघांनी जाऊन आणावे. तात्पुरती व्यवस्था मात्र कायम करण्यात यावी.'

खाली सही होती. आमच्या कार्यालयात तात्पुरती माणसं वीस-वीस वर्षं या एका वाक्याची वाट पाहतात, आणि मला ते फुटपाथवर बसल्या बसल्या मिळालं होतं. मी ते दोनदा वाचलं. मग जे सुचलं तेच बोललो.

"तारीख राहिली. तारखेशिवाय आदेश चालत नाही."

तिने तारीख घातली, पेन माझ्या खिशाला लावलं, आणि दुसरा पाय पुढे केला.